सागरी शैवाल : शब्द एक, वस्तू दोन

भेंडीची पाने पिवळी पडली की आपण 'केवडा आला' असे म्हणतो. चुनखडीच्या जमिनीत उसाची किंवा भुईमुगाची कोवळी पाने पांढरट पिवळी झाली तरी तो केवडाच. बाजरीवरील गोसावी रोगालाही काही भागांत केवडा म्हणतात. वास्तविक पहिला रोग विषाणूचा असून तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. दुसरी अन्नद्रव्याची, म्हणजे लोहाची कमतरता आहे. तिसरा बुरशीवर्गीय सूक्ष्म जीवामुळे होतो. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. शेजाऱ्याने 'केवड्यावर' जे फवारले तेच आपण फवारले, तर खर्च होतो आणि पीक तसेच राहते. नाव नेमके नसले की उपायही नेमका होत नाही, हे यावरून लक्षात यावे.

असाच प्रकार अलीकडे 'सागरी शैवाल' या शब्दाबाबत होऊ लागला आहे. मागील हंगामात शिवार फेरीच्या वेळी एका द्राक्ष बागायतदाराने आम्हाला एक बाटली व एक पिशवी दाखविली. दोन्हींवर 'सागरी शैवालयुक्त' असे छापलेले होते. बाटलीतील द्रव गडद तपकिरी, तर पिशवीतील भुकटी राखाडी पांढरी होती. "दोन्ही शैवालच ना, मग भुकटी स्वस्त पडते म्हणून एकरी चार पिशव्या टाकल्या. तरी नवीन फूट पिवळीच का?" असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या माती परीक्षण अहवालात सामू ८.३ आणि मुक्त चुना १४ टक्के होता. भुकटीवर थोडा व्हिनेगर टाकताच ती फसफसली. त्या पिशवीत प्रामुख्याने चुना होता. हा चुना समुद्रातील एका विशिष्ट शैवालाने तयार केलेला असल्याने पिशवीवरील शब्द खोटा नव्हता, पण अपुरा होता. प्रस्तुत लेखात या चुना साठविणाऱ्या शैवालांची, त्यांच्या वस्तीस्थानांची आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या नावांची माहिती करून घेऊ.

चुना साठविणारी लाल शैवाले

समुद्रात वाढणाऱ्या मोठ्या शैवालांचे रंगावरून तीन मुख्य गट पाडतात : हिरवी, तपकिरी व लाल. फवारणीसाठी जे द्रवरूप अर्क मिळतात ते बहुधा ॲस्कोफायलम किंवा सरगॅसम यांसारख्या तपकिरी शैवालांपासून, अथवा कप्पाफायकस या लाल शैवालापासून काढलेले असतात. कप्पाफायकसची लागवड आपल्याकडे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर होते आणि त्याचा रस काढण्याचे तंत्र भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने विकसित केले आहे. ही सर्व शैवाले मऊ, लवचिक असतात. त्यांच्या अर्कात पालाश, काही सूक्ष्म अन्नद्रव्ये, शर्करावर्गीय पदार्थ व अल्प प्रमाणात वाढीस चालना देणारी द्रव्ये असतात.

लाल शैवालांतच एक निराळा गट असा आहे, की ज्याच्या पेशींच्या भित्तीत चुना साठतो. हा चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असून त्यात मॅग्नेशियमही बऱ्यापैकी असते. त्यामुळे ही वनस्पती हाताला दगडासारखी कठीण लागते. जिवंतपणी तिचा रंग गुलाबी ते जांभळा असतो, मेल्यावर ती पांढरी पडते. इंग्रजीत या गटाला कोरॅलाइन अल्गी म्हणतात. ॲम्फिरोआ व जानिया या प्रजाती आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आढळतात. ओहोटीच्या वेळी खडकांच्या डबक्यांत कडांना गुलाबी, कुरकुरीत झुपके दिसतात किंवा खडकावर गुलाबी रंग सांडल्यासारखा थर दिसतो, ते बहुधा याच गटातील असतात.

प्राणी की वनस्पती?

या शैवालांच्या नावांचा गोंधळ फार जुना आहे. दगडासारखे अंग, पोवळ्यासारखा रंग आणि फांद्यांसारखी रचना पाहून अठराव्या शतकातील बहुतेक शास्त्रज्ञांनी त्यांना पोवळ्यांच्या, म्हणजे प्राण्यांच्या जवळ बसविले. लिनियसने १७५८ मध्ये कोरॅलिना हे नाव प्राण्यांच्या यादीत घातले. पल्लास याने १७६६ मध्ये युरोपातील एका जातीला मिलेपोरा कॅल्केरिया असे नाव दिले. मिलेपोरा ही प्रत्यक्षात पोवळ्यांसारख्या सागरी प्राण्यांची प्रजाती आहे. पुढे १८३७ मध्ये फिलिपी या जर्मन शास्त्रज्ञाने या 'दगडी' जीवांपैकी अनेक वनस्पती आहेत असे दाखवून दिले आणि लिथोथॅम्नियम व लिथोफायलम ही नावे प्रचारात आणली.

पल्लासने नाव दिलेली तीच जात नंतर लिथोथॅम्नियम कॅल्केरियम म्हणून ओळखली जाऊ लागली. १९७० मध्ये ॲडी व मॅकिबिन यांनी तिला फायमॅटोलिथॉन या प्रजातीत हलविले आणि १९८६ मध्ये हे नाव नियमानुसार पक्के झाले. आज तिचे नाव फायमॅटोलिथॉन कॅल्केरियम असे आहे. मात्र व्यापारात, विशेषतः खते व पशुखाद्याच्या वेष्टनांवर, जुनेच नाव अजून चालते. एकाच वस्तूची दोन नावे पाहून त्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत असे ग्राहकाला वाटू शकते. म्हणून शास्त्रीय नाव वाचताना ते चालू आहे की जुने, हेही पाहावे लागते.

शंभर शब्दांवरून दहा शब्दांवर

जातीचे नाव लॅटिनमध्ये असते व त्याला आंतरराष्ट्रीय नियमावलीचे बंधन असते. परंतु वनस्पतीच्या आकाराचे किंवा वस्तीस्थानाचे वर्णन करणाऱ्या शब्दांना असे बंधन नसते. त्यामुळे प्रत्येक संशोधकाने आपापल्या भाषेत शब्द योजले. कोणी 'गाठाळ' म्हणे, कोणी त्यालाच 'फुगीर', तर कोणी 'बोटासारखे'.

हा गोंधळ दूर करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९९३ मध्ये वोल्करलिंग, अर्व्हाइन व हार्वे या तीन संशोधकांनी केला. त्यांनी पाच हजारांहून अधिक नमुने तपासले आणि जुने ग्रंथ चाळले. बिनसांध्याच्या शैवालांच्या आकारासाठी शंभरावर शब्द वापरात असल्याचे त्यांना आढळले. या शब्दांच्या जागी त्यांनी दहा आकारप्रकार सुचविले : सुटा, खपलीसारखा, चामखिळी, गुठळीदार, झुडपी, तबकडीसारखा, थरांचा, पानासारखा, फितीसारखा आणि झाडासारखा. या दहांमध्ये पक्क्या भिंती नाहीत, एक आकार दुसऱ्यात मिसळत जातो, हेही त्यांनी स्पष्ट केले. जमिनीचे हलकी, मध्यम व भारी असे प्रकार आपण करतो त्याचप्रमाणे हे आहे. सीमारेषेवरची जमीन असतेच, पण प्रकार ठरलेले असल्याने शिफारस करता येते.

आकार आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातील मुख्य धडा होय. एकच जात शांत पाण्यात झुडपी आणि लाटांच्या माऱ्यात खपलीसारखी वाढू शकते. केवळ आकार पाहून जातीचे नाव सांगणे म्हणजे हलक्या जमिनीत खुरटलेली ज्वारी पाहून वाण ओळखण्यासारखे आहे. हल्ली यासाठी डीएनए तपासणीचा आधार घेतात.

वस्तीस्थानांची नावे

आकाराइतकाच घोळ वस्तीस्थानांच्या नावांत आहे. पुढील शब्द वारंवार आढळतात.

१) मेर्ल : हा फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताच्या ब्रेटन भाषेतील शब्द आहे. समुद्रतळावर सुट्या, फांद्याफांद्यांच्या चुनाधारी शैवालांचे जे थर साठतात त्यांना मेर्ल म्हणतात. ब्रिटनीचे शेतकरी आम्ल जमिनीत हा पदार्थ पिढ्यानपिढ्या टाकत आले. 'मार्ल' हा शब्द याहून वेगळा असून त्याचा अर्थ चुनखडीयुक्त चिकणमाती असा आहे. दोन्ही जमिनीतच टाकत असल्याने व उच्चार जवळचा असल्याने यांची गल्लत नेहमी होते.

२) ऱ्होडोलिथ : ऱ्होडो म्हणजे गुलाबी लाल व लिथ म्हणजे दगड. एखाद्या खड्याभोवती किंवा शिंपल्याच्या तुकड्याभोवती अथवा स्वतंत्रपणे, सुटे राहून गोट्यासारखे वाढलेले शैवाल म्हणजे ऱ्होडोलिथ. १९७१ मध्ये बर्म्युडा येथील अशा गोट्यांचा अभ्यास करताना बोसेलिनी व गिन्सबर्ग यांनी 'ऱ्होडोलाइट' असा शब्द वापरला होता. परंतु त्या नावाचे एक रत्न, गार्नेटचा एक प्रकार, अगोदरच प्रसिद्ध होते. त्यामुळे शेवटी ऱ्होडोलिथ हाच शब्द रूढ झाला. मेर्लचे तुकडेसुद्धा सुटेच वाढत असल्याने अनेक संशोधक त्यांनाही ऱ्होडोलिथच समजतात. युरोपात 'मेर्ल' व अन्यत्र 'ऱ्होडोलिथ' असा व्यवहार पडला आहे.

३) कोरॅलिजिनस : भूमध्य समुद्रात अंधुक उजेडात चुनाधारी शैवालांच्या खपल्या एकमेकींवर चढून कठीण खडक तयार होतो. १८८३ मध्ये मारियों याने मार्सेलिसजवळील अशा तळाला हा शब्द लावला. शब्दाचा अर्थ 'पोवळे निपजविणारा' असा होतो, पण हा खडक मुख्यतः शैवालांनी बांधलेला असतो.

४) शैवालबांध : उष्ण समुद्रात पोवळ्यांच्या खडकाच्या लाटा फुटणाऱ्या कडेवर चुनाधारी शैवालांचा उंचवटा तयार होतो. शेताच्या बांधाप्रमाणे तो आतील भागाचे लाटांपासून रक्षण करतो.

'कोरल' या एका शब्दाने किती दिशाभूल होते याचे उदाहरण आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये पाहावयास मिळते. आयर्लंडमधील कॅरारो येथील आणि स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील पांढऱ्या पुळणी 'कोरल बीच' म्हणून ओळखल्या जातात. प्रत्यक्षात तेथे पोवळी नसून वाळून पांढरे झालेले मेर्लचे तुकडे आहेत.

नाव चुकले तर रक्षणही चुकते

मेर्लची वाढ अतिशय मंद असते. फांदीचे टोक वर्षाला साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढते. आज आपण पिशवीभर विकत घेतो तो थर साठण्यास शतके, काही ठिकाणी हजारो वर्षे लागलेली असतात. या थरांमध्ये माशांची पिले, शिंपले व अनेक जीव आसरा घेतात. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये वर्षाला सुमारे सहा लाख टनांपर्यंत मेर्ल उपसला जात होता. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलमधील फाल्माउथ येथील उपसा २००५ मध्ये थांबविण्यात आला. ब्राझीलच्या अब्रोलोस भागात ऱ्होडोलिथचा सुमारे २०,९०० चौरस किलोमीटरचा पट्टा असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेही या पदार्थाचा शेतीसाठी वापर होतो.

युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात मेर्ल तयार करणाऱ्या दोन जातींची नावे घालण्यात आली, जेणेकरून त्यांच्या उपशावर नियंत्रण ठेवता यावे. परंतु मेर्लचे थर केवळ या दोनच जातींचे नसतात. डीएनए तपासणीनंतर २०१५ मध्ये फायमॅटोलिथॉन लुसिटॅनिकम ही आणखी एक जात वेगळी ओळखण्यात आली. ती डोळ्यांना इतर मेर्लसारखीच दिसते. कायद्यात जातीचे नाव लिहिले तर बाकीच्या जाती बाहेर राहतात, आणि वस्तीस्थानाचे नाव लिहावे तर 'मेर्ल', 'ऱ्होडोलिथ' व 'कोरल' यांच्या व्याख्या जागोजागी बदलतात. परिभाषा ठरविण्याचे काम कागदी वाटले, तरी समुद्रतळाचे रक्षण शेवटी त्यावरच अवलंबून राहते.

मराठीत कोणते शब्द वापरावेत?

आपल्याकडे 'शेवाळ' हा शब्द विहिरीतील हिरव्या गाळापासून भिंतीवरच्या हिरव्या मखमलीपर्यंत सर्वांना लावतात. मराठी विश्वकोशाने या वनस्पतींसाठी 'शैवले' हा शब्द स्वीकारला, तर लोकांच्या लिखाणात 'शैवाल' जास्त रुळला. यातील कोणताही घ्यावा, पण एका लेखात एकच वापरावा. पुढील शब्द आम्ही विचारार्थ सुचवीत आहोत.

• कोरॅलाइन अल्गी : चुनाधारी लाल शैवाल. 'प्रवाळ शैवाल' हा शब्द सोपा वाटतो, पण त्यामुळे पोवळ्याचा, म्हणजे प्राण्याचा भास होतो. म्हणून तो टाळावा. नुसते 'चुनाधारी शैवाल' म्हणणेही अपुरे आहे, कारण हॅलिमिडासारखी काही हिरवी शैवालेही चुना साठवितात. एकदा पूर्ण शब्द दिल्यानंतर मात्र संक्षेप चालेल.
• जेनिक्युलेट : सांधेदार. यात कठीण कांड्या व त्यांच्या मध्ये चुना नसलेले लवचिक सांधे असतात.
• नॉनजेनिक्युलेट : बिनसांध्याचे.
• क्रस्टोज : खपलीदार.
• ऱ्होडोलिथ : शैवालगोटा. त्यांच्या थराला शैवालगोट्यांचा तळ म्हणावे.
• मेर्ल : हा स्थानिक शब्द असल्याने तसाच ठेवावा.

चांगल्या पारिभाषिक शब्दाच्या तीन कसोट्या आहेत. तो एकाच वस्तूला लागू पडावा, त्याने दुसऱ्या वस्तूचा भास होऊ नये, आणि तो शेतावर उभे राहून उच्चारता यावा. कोशात बसणारा पण तोंडात न बसणारा शब्द टिकत नाही.

आपल्या शेतात याचा उपयोग किती?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चुनाधारी शैवालाच्या भुकटीत सुमारे ८० टक्के कॅल्शियम कार्बोनेट व त्याखेरीज थोडे मॅग्नेशियम असते. म्हणजे ५० किलोच्या पिशवीत सुमारे ४० किलो चुना आला. वर सांगितलेल्या बागायतदाराने एकरी चार पिशव्या, म्हणजे सुमारे १६० किलो चुना टाकला. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन अंदाजे ९ लाख किलो भरते. तिच्यात १४ टक्के चुना असेल तर एकरात अगोदरच १ लाख २६ हजार किलो चुना आहे! त्यात १६० किलोची भर घालून कॅल्शियमचा कोणता फायदा होणार? उलट ठिबकच्या रेषेत, मुळांजवळ ही भुकटी एकवटून टाकल्यास तेथे लोह व जस्त यांची उपलब्धता आणखी अवघड होऊ शकते. त्या बागेतील पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा होता. तेथे सेंद्रिय खत, गंधक व माती परीक्षणानुसार लोहयुक्त खत यांचा विचार करणे आवश्यक होते.

कोकणातील जांभ्या दगडापासून बनलेल्या आम्ल जमिनीची गोष्ट वेगळी आहे. तेथे चुन्याचा उपयोग होतो आणि ब्रिटनीच्या शेतकऱ्यांचा अनुभवही आम्ल जमिनीचाच आहे. परंतु आम्लता कमी करण्यासाठी चुना टनाच्या हिशेबाने लागतो. एक टन म्हणजे ५० किलोच्या वीस पिशव्या झाल्या. तेवढ्या शैवाल भुकटीच्या किमतीची तुलना चुनखडीची भुकटी किंवा डोलोमाइट यांच्याशी करावी. जमिनीची आम्लता घालविण्याचे काम कार्बोनेट करतो. तो शैवालाने बनविला की खाणीतून आला, याने त्या कामात मोठा फरक पडत नाही. दुभत्या जनावरांच्या खाद्यातही ही भुकटी कॅल्शियमसाठी व पोटातील आम्लता आवरण्यासाठी वापरतात. तो वापर मात्र पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावा.

खरेदी करताना घ्यावयाची काळजी

१) वेष्टनावर 'सागरी शैवाल' एवढेच लिहिले असल्यास कोणते शैवाल, अर्क की भुकटी, असे विक्रेत्यास विचारावे. लिथोथॅम्नियम, लिथोथॅम्नियॉन किंवा फायमॅटोलिथॉन हे नाव दिसल्यास ती चुनाधारी शैवालाची भुकटी समजावी.

२) घटकांच्या यादीत कॅल्शियमचे प्रमाण पाहावे. ते ३० टक्क्यांच्या आसपास असेल तर आपण मुख्यतः चुना विकत घेत आहोत.

३) चमचाभर भुकटी काचेच्या वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकावे. फसफसल्यास तिच्यात कार्बोनेट आहे. या चाचणीने कार्बोनेट आहे एवढेच कळते, ते शैवालाचे आहे की साध्या चुनखडीचे, हे कळत नाही.

४) खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये २०२१ साली जैव उत्तेजकांचा समावेश करण्यात आला असून समुद्री शैवालाचे अर्क त्यात येतात. त्यामुळे अर्क खरेदी करताना वेष्टनावरील तपशील वाचावा व पक्की पावती घ्यावी.

५) माती परीक्षणाचा अहवाल जवळ ठेवूनच निर्णय घ्यावा. सामू आठच्या वर आणि मुक्त चुना जास्त असेल तर चुनाधारी शैवालाची भुकटी जमिनीत टाकू नये.

समारोप

समुद्रातील एका गुलाबी खपलीला काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता सोलापूर किंवा नाशिकच्या शेतकऱ्याचा नाही. परंतु तोच शब्द पिशवीवर छापून बांधावर आला की तो आपला प्रश्न होतो. लिनियसच्या काळी शब्द चुकल्याने वनस्पती प्राण्यांच्या यादीत गेली होती. आज शब्द अपुरा राहिल्याने चुनखडीच्या जमिनीत पुन्हा चुना पडतो आहे. शेतकरी बंधूंनी यापुढे 'शैवाल आहे का?' असे न विचारता 'कोणते शैवाल, आणि त्यात काय आहे?' असे विचारावे. ज्या बागायतदाराची हकिगत वर दिली, त्यांनी उरलेली भुकटी कोकणातील आपल्या मेहुण्याच्या भातशेतीकडे पाठवून दिली आणि स्वतःच्या बागेसाठी प्रथम माती परीक्षणाचा अहवाल पुन्हा वाचावयास घेतला. सुरुवात तेथूनच करावयास हवी.